किल्ला मोडायचा राहिला

मी एक जुनी तागाची गोणी आहे, मित्रांनो. धायरीतल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या टेरेसवर, बादलीच्या मागे मी पडून असते. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे आणि अंगावर वाळलेल्या चिखलाचे पोपडे आहेत. भंगारवालासुद्धा मला हात लावणार नाही. तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे आणि ते तुमच्या वयाच्या मुलांनीच ऐकायला हवं, कारण ही गोष्ट किल्ल्याची आहे.

मी मूळची बंगालची. नदीकाठच्या शेतात मी ताग होते, माणसाहून उंच आणि हिरवीगार. मग मला कापलं, पाण्यात कुजवलं, सोललं, गिरणीत कातून विणलं. तो भाग मी फार रंगवून सांगत नाही, कारण कुजण्यात सांगण्यासारखं काही नसतं. हिंडत हिंडत मी लातूरच्या आडत बाजारात पोचले. तिथे उत्तरेश्वर गुरुजींनी रिकामं बारदान म्हणून मला घेतलं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. घरची थोडी शेती बघायचे. त्यांची लेक भाग्यश्री लग्न होऊन नुकतीच पुण्याला गेली होती. गुरुजींनी माझ्यात शेतातली ज्वारी भरली, सुतळीने तोंड शिवलं आणि निळ्या ऑइलपेंटने माझ्या पोटावर फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सौ. भाग्यश्री, पुणे'. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत हिंदकळत मी पुण्यात आले. भाग्यश्रीने ज्वारी डब्यात ओतली, मला झटकलं, घडी घातली आणि म्हणाली, "ही टाकायची नाही. बाबांचं अक्षर आहे हिच्यावर."

तिचा नवरा केयूर तेवढ्यात आत आला. त्याने माझी घडी उलगडली, मला उजेडात धरलं आणि असा खूश झाला की जणू पैठणीच हाती लागली. "काय वीण आहे! हिच्यावर माती काय बसेल. भाग्या, या वर्षीचा बालेकिल्ला हिचाच."

भाग्यश्रीला काही कळलं नाही. त्यांच्या गावाकडे दिवाळीत किल्ला करायची पद्धत नव्हती. केयूर मात्र शनिवार पेठेत वाढलेला. तिकडे भाऊ, चुलतभाऊ, शेजारची पोरं सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड आणि गोणपाटं गोळा करायला लागत. बाकीची पोरं मोठी झाली, मिशा आल्या, किल्ला सुटला. केयूरचा सुटला नाही. तो खराडीला एका कंपनीत कामाला होता, रोज शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि यायचा. हा फ्लॅटही त्याने टेरेस बघून घेतला होता. बाकीच्या खोल्या नंतर पाहिल्या.

ती पहिली दिवाळी मी कधी विसरणार नाही. विटा रचून झाल्यावर केयूरने मला पाण्यात भिजवून त्यांच्यावर पांघरलं. भाग्यश्रीने साडीचा पदर खोचून पोयट्याचा चिखल कालवला. कोपरापर्यंत हात माखले होते तिचे. "लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, आता हे," असं म्हणत ती हसत होती. मग केयूरने तिच्या ओंजळीत लालसर बारीक बी दिलं आणि म्हणाला, "हळीव आहेत. हलक्या हाताने पेर. चार दिवसांत गवत बघ."

चार दिवसांत गवत आलं. माझ्या विणीतून मुळं खाली उतरली आणि वर हिरवे कोंब उभे राहिले. मित्रांनो, एकदा कापलेल्या झाडाला पुन्हा हिरवं व्हायला मिळालं तर त्याला काय वाटेल, ते मी सांगून तुम्हाला कळायचं नाही. सोसायटीतली मुलं रांग लावून बघायला आली. स्पर्धेत पहिला नंबर आला. पेपरात फोटो आला, त्यात किल्ल्याशेजारी केयूर आणि भाग्यश्री दोघंही होती, तिच्या गालाला माती लागलेली. गुरुजींनी तो पेपर गावात सगळ्यांना दाखवला म्हणे.

भाऊबीज झाली. केयूरची आई, आनंदीबाई, किल्ला बघायला आल्या होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. शब्द मोजून वापरायच्या आणि वापरला की तो लागायचा. जाताना म्हणाल्या, "छान झालाय. मोडतोस कधी?"

"मोडायचा कशाला?" केयूर म्हणाला. "एवढा चांगला जमलाय."

"लहानपणी उरलेले फटाके लावून स्वतःच मोडायचास. तेव्हा जास्त अक्कल होती तुला."

केयूर हसला. भाग्यश्रीही हसली. मीही मनात म्हटलं, मोडू नकोस रे बाबा, मला अजून थोडे दिवस हिरवं राहू दे. आता त्या हसण्याचं वाईट वाटतं. तिथेच कुणीतरी फावडं आणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्या किल्ल्याला माची जोडली. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी माची, पायथ्याचं गाव, तळं, तळ्यात पंपाने फिरणारं पाणी. आधी नवरात्रात सुरू होणारं काम गणपतीत सुरू व्हायला लागलं, मग आषाढात. शनिवार-रविवार खरे गड चढून मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे आणि घरी येऊन बुरूज पाडून पुन्हा बांधायचे. सोफ्याखाली खोकी होती आणि खोक्यांत मातीची चित्रं: मावळे, तोफा, गवळणी, वाघ, एक विहीर. पाहुणा आला की केयूर त्याला पाण्याच्या आधी टेरेसवर न्यायचा.

तो वाईट माणूस नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. त्याला कसलं व्यसन नव्हतं, त्याने आवाज कधी चढवला नाही, भाजी आणायला सांगितली तर आणायचा. फक्त त्याच्याशी बोलताना त्याचे डोळे टेरेसच्या दाराकडे जायचे. गुरुजींच्या एकसष्टीला भाग्यश्री एकटीच गावाला गेली, कारण तट ओला होता आणि त्याला तडे जाऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पाणी मारावं लागत होतं. परत आल्यावर तिने बॅग ठेवली आणि विचारलं, "तडे गेले का रे?"

"नाही ना," केयूर आनंदाने म्हणाला. "एकही नाही गेला."

ती बॅग उचलून आत गेली. तिने कशाबद्दल विचारलं होतं ते त्याला कळलं नाही.

आनंदीबाई आल्या की तिची बाजू घ्यायच्या, पण त्यांच्या पद्धतीने. भाग्यश्रीला दिवस गेले तेव्हा त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, टेरेसवर गुडघे टेकून तोफा मांडणाऱ्या मुलाकडे बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "पस्तिशीत रांगतोय हा. तुझं बाळ याच्या आधी उभं राहील."

आता मी त्या हळिवांपर्यंत येते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर प्रवास नको म्हणाले. म्हणून भाग्यश्रीची आई, इंदुबाई, पुण्याला यायच्या होत्या. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. केयूरला हळीव हवे होते आणि नेमके कोपऱ्यावरच्या दुकानात संपले होते. भाग्यश्री आईशी फोनवर बोलून आली आणि म्हणाली, "आई येताना आळीव आणतेय. चांगले दोन किलो आहेत, घरचे."

आळीव म्हणा नाहीतर हळीव, बी एकच. पण लातूरकडच्या घरात आळीव म्हटलं की लोकांना बाळंतिणीचे लाडू दिसतात: ओलं खोबरं, गूळ आणि भिजवलेले आळीव, अंगात ताकद यावी आणि बाळाला दूध पुरावं म्हणून. केयूरला त्या शब्दात गवत दिसायचं. त्याला वाटलं, सासूबाई त्याच्या किल्ल्यासाठी दोन किलो हळीव घेऊन येताहेत. मित्रांनो, त्याला भरून आलं. मला ओलं करता करता तो स्वतःशीच म्हणाला, "गावाकडच्यांना कळायला लागलं बघ शेवटी."

मुलगी झाली. सिझर करावं लागलं. नाव ठरलं अक्षता. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी इंदुबाई पोचल्या. येताना त्यांनी जपून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवली आणि थेट नातीकडे गेल्या. केयूरने ती पिशवी पाहिली. बायको आणि बाळ झोपली होती, सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्याने कुणाला त्रास दिला नाही. पिशवी उचलली आणि तासाभरात दोन किलोतला दाणा न् दाणा त्या किल्ल्यावर पेरला. त्यातले सगळ्यात जास्त माझ्यावर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाईंनी नारळ खवला, गूळ चिरला आणि पिशवी शोधायला लागल्या. शोधत शोधत टेरेसच्या दारात आल्या. ओले हळीव फुगून माझ्या अंगावर चकाकत होते.

"जावईबापू, हे आळीव कुटनं आले?"

"तुम्ही आणलेले," केयूर म्हणाला. "थँक यू हं आई. एवढे कधीच मिळाले नव्हते."

इंदुबाई म्हणाल्या, "लाडवाचे होते ते. लेकीच्या लाडवाचे." मग भाग्यश्रीकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुझ्या लाडवाला आता गवत येतंय बघ."

भाग्यश्री उशीला टेकून बसली होती. खरं सांगायचं तर ती आधी हसली. टाके दुखायला लागले म्हणून पोटाला हात धरून हसली. चूक होती, आणि पोट धरून हसण्यासारखी चूक होती. केयूरचा चेहरा पडला होता. "अगं, मला वाटलं... थांब, मी आणतो. मंडईत मिळतील. आत्ता जातो आणि घेऊन येतो."

"आण," ती म्हणाली. "आईने खोबरं खवून ठेवलंय."

तेवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ते दोघं म्हातारपणी नातवंडांना सांगत बसले असते. केयूर निघाला. तासाभराचं काम. इंदुबाईंनी खवलेल्या खोबऱ्यावर ताट झाकलं. तास झाला, दोन झाले. भाग्यश्री दाराकडे बघत होती. तीन तासांनी तो आला तो दोन्ही हातांत खोकी घेऊन. मंडईच्या वाटेवर चित्रांचं एक दुकान लागलं होतं. तिथे नवी चित्रं आली होती, घोड्यावरचे मावळे, एकेकाचा चेहरा वेगळा. तो उत्साहाने खोकं उघडायला लागला. "भाग्या, हे बघ. याच्या लगामाची दोरी खरी आहे."

"आळीव?" तिने विचारलं.

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो हळीव विसरला होता. मंडईपर्यंत गेलाच नव्हता.

ती या वेळी हसली नाही. रडलीही नाही. तिने अक्षताला कुशीत घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. इंदुबाईंनी खोबरं फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी आनंदीबाईंनी हळीव आणून दिले, लाडू झाले, भाग्यश्रीने ते खाल्ले. पण ते नवऱ्याने आणलेले नव्हते.

मी काय करत होते म्हणाल, तर मी हिरवी होत होते. तिच्या तोंडचे हळीव माझ्या अंगावर रुजले आणि मला बरं वाटत होतं. ते मला आजही खातं. त्या वर्षीसारखं गवत आधी कधी आलं नव्हतं. लोक वाकून वाकून बघत होते आणि विचारत होते, बियाणं कुठून आणलं?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. सव्वा महिना झाल्यावर भाग्यश्री आईबरोबर गावाला निघाली. निघताना ती टेरेसच्या दारात उभी राहिली. आत पाय ठेवायला जागा नव्हतीच.

"केयूर, मला भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त अक्षताची दुपटी वाळत घालायला ऊन पाहिजे. या घरातलं सगळं ऊन तुझ्या माचीवर पडतं. किल्ला मोड आणि फोन कर. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येते."

"मोडतो ना," तो म्हणाला. "या रविवारी."

त्या रविवारी त्याने किल्ल्याचा व्हिडिओ काढला, आठवण राहावी म्हणून. पुढच्या रविवारी सोलापूरहून कुणी हौशी मंडळी बघायला येणार होती. मग एका बुरजाच्या आडोशाला कबुतराने अंडी घातली. फोन नेहमी स्पीकरवर असायचा, मला सगळं ऐकू यायचं.

"अंडी आहेत गं. आता कसा मोडू? पिल्लं उडून जाऊ देत."

ती म्हणाली, "कबुतराची पिल्लं दिसतात तुला. बरं आहे."

त्यानंतर तिने किल्ल्याचं विचारणं सोडलं. फोन यायचे, पण त्यात अक्षताचं वजन असायचं, लसीची तारीख असायची. केयूरला वाटलं, राग ओसरला. पिल्लं कधीच उडून गेली होती. माझ्यावरचं गवत पिवळं पडून आडवं झालं, तरी तो संध्याकाळी कामावरून येऊन त्याच्यावर पाणी मारत राहिला.

चैत्रात एक दिवस आनंदीबाईंनी त्याला एक व्हिडिओ पाठवला. अक्षता पालथी पडली होती आणि मान वर करून बघत होती. केयूरने टेरेसवर उभं राहून तो चार वेळा पाहिला आणि आईला फोन लावला.

"कधीचा गं हा?"

"मागच्या सोमवारचा. तुला नाही पाठवला तिने?"

"नाही."

"हं," आनंदीबाई म्हणाल्या.

त्याने फोन खिशात ठेवला आणि हातांनी किल्ला उपसायला सुरुवात केली. फावडं घेतलं नाही. बुरूज, तट, तळं, सगळं ओरबाडून काढलं. मला ओढलं तेव्हा माझी वीण फाटली, पण मी मनात म्हटलं, ओढ, आणखी जोरात ओढ, पाच वर्षं उशीर झालाय. दोन दिवस तो माती खाली वाहत होता. टेरेस धुतलं, फरशीचा रंग दिसायला लागला. मग त्याने तिला फोन केला आणि सांगितलं.

"मोडलास?" ती म्हणाली. "बरं झालं." दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं ती काही बोलली नाही.

पण वैशाखात ती आली. गुरुजी गाडी घेऊन आले होते. अक्षता कडेवर होती. दारातच तिने केयूरला सरळ सांगितलं, "बाबा खाली गाडीत बसलेत. माझ्या बॅगा आणल्यात मी. वर आणायच्या की नाही, ते त्यांना फोन करून कळवणार आहे. आधी बघू दे."

ती टेरेसवर आली. चारी बाजूंनी ऊन होतं. तिने सावलीत चादर अंथरून अक्षताला खाली ठेवलं. अक्षता लगेच पालथी झाली आणि फरशीवर हात आपटायला लागली. केयूर तिच्यासमोर पोटावर आडवा पडला आणि तोही हात आपटायला लागला. बाप-लेक एकमेकांकडे बघून हसत होती. भाग्यश्री हसली. किती महिन्यांनी हसली. तिने पर्समधून फोन काढला आणि गुरुजींचा नंबर शोधायला लागली. मी बादलीमागून बघत होते, आणि मला वाटलं, सुटलो आपण.

"भाग्या," केयूर म्हणाला, "या दिवाळीला अक्षतासाठी छोटासा करू या का? अगदी छोटा. एवढासाच."

एवढासा म्हणजे केवढा ते दाखवायला त्याने दोन हात पुढे केले. आधी ते वीतभर लांब होते. मग बोलता बोलता, "इथे एक दरवाजा, इथे तिची गवळण, इथे पायऱ्या," ते लांब लांब जात राहिले. त्याला कळलंच नाही. हात पुरते पसरल्यावर त्याने स्वतःच ते पाहिले आणि खाली घेतले.

भाग्यश्रीने फोन पर्समध्ये ठेवला. अक्षताला उचललं, चादरीची घडी घातली. ती रागावली नव्हती. दारापाशी थांबून ती म्हणाली, "निघते मी. तब्येतीला जपा. रविवारी येत चला अक्षताला भेटायला."

ती गेल्यावर केयूर तिथेच फरशीवर बसून राहिला. संध्याकाळी आईला फोन केला आणि ती गेल्याचं सांगितलं.

"भांडलात?" आनंदीबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आई, ती मला 'जपा' म्हणाली. 'येत चला' म्हणाली. तुम्ही म्हणाली गं मला."

आनंदीबाई एवढंच म्हणाल्या, "जेवायला ये इकडे."

आता तो दर रविवारी पहाटेच्या गाडीने लातूरला जातो आणि पाहुण्यासारखा चहा पिऊन परत येतो. मागच्या दिवाळीत सोसायटीतली मुलं विचारायला आली होती, काका, यंदा किल्ला नाही का? तो नाही म्हणाला आणि त्याने सगळी चित्रं त्यांना वाटून टाकली. मी तेवढी राहिले. माझं काय करावं ते कदाचित त्याला सुचत नसेल.

तर मित्रांनो, माझं एक मागणं आहे. किल्ला जरूर करा. चिखलात कोपरापर्यंत हात घाला, हळीव पेरा, चित्रं मांडा, सगळ्यांना बोलावून दाखवा. त्यात काही वाईट नाही. पण दिवाळी झाली की आपला किल्ला आपल्याच हाताने मोडा आणि जागा झाडून द्या. कितीही चांगला झालेला असला, तरी मोडा. घरातल्या माणसाला ते सांगावं लागू नये, आणि एकदा सांगितलं तर दुसऱ्यांदा सांगायची पाळी त्याच्यावर आणू नका. कारण माणसं दुसऱ्यांदा सांगत नाहीत. ती तुम्हाला 'तुम्ही' म्हणायला लागतात.